बासष्ट दागिने, ऑर्डरी दोनच: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा: "ताई, मी नाशिकला राहते. चार महिन्यांपूर्वी हाताने केलेल्या दागिन्यांचं ऑनलाइन दुकान सुरू केलं. नथी, ठुशा, खणाचे सेट, ऑक्सिडाइज्ड झुमके, टेराकोटा, रेझिन असे ६२ नग मांडलेत. इन्स्टाग्रामवर ३४० फॉलोअर आहेत, पण निम्मे नात्यातलेच. बूस्टवर, म्हणजे पोस्टच्या जाहिरातीवर, साडेतीन हजार घातले. लाइक येतात, 'प्राइस प्लीज' येतं, पुढे काही नाही. आजवर दोनच ऑर्डरी आल्या, त्याही मामीच्या. किमती कमी करू का?"

नका करू. आधी हे सांगून टाकते, कारण बाकीचं वाचायच्या आत तुम्ही 'फ्लॅट ४० टक्के सूट'ची स्टोरी टाकाल अशी मला धास्ती आहे. मी टाकली होती. माझ्या दुकानाला पहिल्या पाच महिन्यांत सात ऑर्डरी आल्या, त्यातल्या चार आईच्या भिशीतल्या बायकांच्या. वैतागून सूट लावली. आठवी ऑर्डर काही आली नाही. आधी पूर्ण पैसे मोजलेल्या एका काकूंचा फोन मात्र आला, "आम्हाला का नाही दिलीस गं सूट?"

तुमचं पान नीट बघितलं. हात चांगला आहे तुमचा. नथीच्या तारेचा शेवटचा वळसा मागून टोचणार नाही असा आत दाबलेला आहे, आणि हे विकत घेणाऱ्याला फोटोत दिसत नसलं तरी करणाऱ्याला दिसतं. अडचण अशी आहे की तुमच्याकडे आलेल्या बाईला ६२ वस्तू दिसतात आणि यातली आपल्या कामाची कुठली ते कळत नाही. टेराकोटाच्या झुमक्याशेजारी पेशवाई नथ, तिच्याशेजारी रेझिनमध्ये गोठवलेलं फूल. तुळशीबागेत हे खपतं, कारण तिथे बाई हिंडायलाच आलेली असते. हातात घेते, घासाघीस करते, चार दुकानं पुढे जाते आणि परत येते. फोनवर पुढे गेलेली बाई परत येत नाही.

नऊ वर्षं मी नथी, ठुशा आणि हिवाळ्यात हलव्याचे दागिने करतेय, आणि जवळपास सगळं ऑनलाइन विकतेय. माझा अनुभव असा की हाताने केलेला दागिना 'आवडला' म्हणून फार कमी जणी घेतात. आवडला की लाइक देतात. पैसे देतात तेव्हा त्यांच्यापुढे एक तारीख असते. नणंदेच्या बाळाचं बोरन्हाण, सुनेची पहिली मंगळागौर, पाडव्याची शोभायात्रा, ऑफिसातला पारंपरिक पोशाखाचा दिवस. साडी ठरलेली आहे, ब्लाउज शिवायला टाकलाय, आणि गळा रिकामा आहे. त्या रिकाम्या गळ्यासाठी पुढच्या शुक्रवारच्या आत काहीतरी घरी यायला हवं असतं. तुमच्या पानावर हे कुठेच दिसत नाही.

म्हणून आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. श्रावणात मंगळागौरी, भाद्रपदात गौरी. मग पितृपक्षाचे पंधरा दिवस, ज्यात आपल्याकडे बरीच घरं नवं काही घेत नाहीत. मी त्या दिवसांत माल करून ठेवते आणि फोटो काढते, उगाच जाहिरात करत नाही. नवरात्राचे नऊ रंग, दिवाळी-भाऊबीज, तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरन्हाणं, मग पाडवा. वस्तू त्या दिवसाच्या चार-पाच आठवडे आधी लोकांच्या डोळ्यांपुढे हवी. बोरन्हाणाची चौकशी मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. तेव्हा जिने मुकुट मांडायला घेतला ती जानेवारीत विकते. जी जानेवारीत घेते तिच्याकडे पुढच्या संक्रांतीपर्यंत हलवा पडून राहतो आणि मुंग्या त्याची वाट लावतात.

आत्ता आषाढ संपत आलाय. मी असते तर ६२ पैकी ५० वस्तू आजच पानावरून काढून डब्यात ठेवल्या असत्या. मोडू नका, लपवा. नथी ठेवा, ठुशा ठेवा. आणि एक वस्तू मुद्दाम नवी करा, गौरीच्या मुखवट्याची नथ.

हिच्यावर थोडं सविस्तर लिहिते. गौरीचा मुखवटा पितळेचा असतो, शाडूचा असतो, हल्ली प्लास्टर ऑफ पॅरिसचाही असतो. त्याचं नाक आपल्या नाकासारखं दबत नाही, त्यामुळे चापाची नथ तिथे टिकत नाही, घसरते. काही मुखवट्यांना नाकात भोक असतं, बऱ्याच मुखवट्यांना नसतं. मग बायका मेण लावतात, दुतोंडी टेप लावतात, दोरा ओवून मुकुटाला बांधतात, आणि ऐन आरतीत नथ खाली येते. आमच्याकडे एका वर्षी नैवेद्याच्या पुरणपोळीवर पडली होती. सासूबाईंनी ती पोळी गायीला घातली आणि मी पुढच्या वर्षासाठी वेगळी नथ करायला घेतली.

भोक असलेल्या मुखवट्यासाठी नथीच्या टोकाला चाप लावायचा नाही. बोटाच्या दोन पेरांइतकी लांब, बारीक तार मोकळी सोडायची. ती आत ओवून मागून वळवता येते. भोक नसेल तर मागे नखाएवढी चपटी चकती द्यायची, म्हणजे मेण किंवा टेप धरायला जागा मिळते. गौरी बहुधा दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, म्हणून जोडी विकायची. आणि जोडी म्हणजे कानातल्यासारखी उजवी-डावी करायची नाही, दोन्ही नथी डाव्या नाकपुडीच्याच. हसू नका, पहिल्या वर्षी मी समोरासमोर बघणाऱ्या दोन नथी केल्या होत्या. माप एकच मागायचं: हनुवटीपासून कपाळापर्यंत मुखवटा किती इंच. ज्यांच्याकडे मुखवट्याऐवजी पाणवठ्यावरच्या खड्यांच्या गौरी येतात त्या गिऱ्हाईक नव्हेत, त्यांना नथ विकायला जाऊ नका.

बघा, ही वस्तू ज्या बाईला हवी आहे तिला ती नेमकी हवी आहे. ती झुमके शोधत नाही. तिला 'मुखवट्याला बसणारी नथ' एवढं वाचलं तरी पुरतं.

त्यामुळे नावंही बदला. 'एलिगंट ट्रॅडिशनल नथ ०७' असं कोणी शोधत नसतं. 'गौरीच्या पितळी मुखवट्यासाठी मोत्यांची नथ, दोनची जोडी' असं लिहा. देवनागरीत लिहा आणि खाली रोमन लिपीतही लिहा, कारण मराठी बोलणाऱ्या पुष्कळ जणी फोनवर रोमनमध्येच टाइप करतात. एकाच गोष्टीला तीन घरांत तीन नावं असतात: चापाची नथ, प्रेसची नथ, क्लिपची नथ. तिन्ही घाला. बिनछिद्राची म्हणणारेही आहेत.

आता वर्णन. तुमच्या वर्णनात 'मेड विथ लव्ह' आहे, लांबी नाही. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांनी चॅटवर विचारलेला प्रत्येक प्रश्न मी एका वहीत लिहून ठेवला. सारखे तेच ते प्रश्न होते. नाक टोचलेलं नाही, चालेल का? जड आहे का? ठुशी गळ्याला घट्ट बसते की खाली येते, मागे दोरी आहे का? घामाने काळी पडेल का? कधीपर्यंत मिळेल? ही उत्तरं वर्णनात गेली आणि चॅट निम्म्यावर आलं. प्रश्न विचारणारी बाई दिसते तरी, न विचारता निघून जाणारी दिसतही नाही.

'जड आहे का' याला 'लाइटवेट' हे उत्तर होत नाही. ग्रॅम लिहा. स्वयंपाकघरातला काटा एवढं बारीक वजन दाखवत नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा खिशात मावेल असा काटा काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या.

आणि मापांच्या बाबतीत माझी फजिती ऐका. सुरुवातीला मी तारेवर मोत्यांच्या बांगड्या करत असे. एकीने २.४ मापाच्या सहा मागवल्या. मी फूटपट्टी घेतली, आतला व्यास २.४ इंच धरला आणि मनापासून केल्या. पार्सल परत आलं. फार मोठ्या झाल्या होत्या, हात खाली सोडला की गळून पडत होत्या. बांगडीच्या मापातला तो टिंब दशांशचिन्ह नसतोच. 'दोन-चार' म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, सुमारे ५७ मिलिमीटर. 'दोन-सहा' म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, साधारण ६० मिलिमीटर. मी केल्या त्या जवळपास ६१ भरल्या, दोन-सहापेक्षाही मोठ्या. कासाराने हे मला एका मिनिटात सांगितलं असतं. आता मी माप लिहिते तेव्हा शेजारी मिलिमीटरही लिहिते, आणि 'हातात बसणारी जुनी बांगडी पट्टीवर ठेवून आतलं अंतर मोजा' असा एक फोटो लावते.

फोटोंबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर सगळेच बोलतात. खिडकीचा उजेड, सकाळी दहाच्या सुमाराला, फ्लॅश बंद, खाली साधं सुती कापड. तुमच्या फोटोंत गुलाबपाकळ्या आणि कॉफीचा मग आहे, ते काढा. एक फोटो मागून घ्या, हुक आणि दोरी दिसेल असा. एक फोटो माणसाच्या अंगावर हवाच. माझी सगळ्यात जास्त विकली गेलेली ठुशी आईच्या गळ्यात आहे, बासष्ट वर्षांच्या बाईच्या. भाचीच्या गळ्यातला फोटो जास्त देखणा आला होता, लाइक त्यालाच पडले, पण 'मला हवी' असे मेसेज आईच्या फोटोवर आले. ठुशी स्वतःच्या पैशाने घेणाऱ्या बायका बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या असतात. गळ्याला वळ्या असल्या तरी ती कशी बसते हे त्यांना बघायचं असतं.

धातूबद्दल खरं लिहा. तुमच्या एका सेटखाली 'जर्मन सिल्व्हर प्युअर' असं आहे. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. त्यात चांदी औषधालाही नसते. पुष्कळ जणींच्या कातडीला निकेल सोसत नाही, कानाला पुरळ येतं, पाणी सुटतं. 'निकेल आहे, कानाला त्रास होत असेल तर घेऊ नका' असं मी सरळ लिहिते. तसं लिहिल्याने विक्री कमी झालेली मला दिसली नाही. 'मग बिननिकेलचं काय आहे तुमच्याकडे?' असं विचारणाऱ्या मात्र भेटल्या.

आता किंमत. तुमची ठुशी २५० रुपयांना आहे. तुम्ही कळवलेल्या सामानाच्या भावावरून मी हिशेब मांडला. सोनेरी मणी ९०, दोरी-गोंडा २०, मधला खडा १५, हुक-कडी ५, म्हणजे १३० चं सामान. तुटलेले, रंग उडालेले मणी वाया जातात त्याचे १५. डबी, बबलचा तुकडा, कार्ड मिळून २५. गुंफायला दीड तास. तासाचे १२० धरले तर १८०. बेरीज ३५०. तुम्ही दर ठुशीमागे १०० रुपये पदरचे घालताय, आणि यात चॅट, फोटो, कुरिअरच्या रांगेतला वेळ धरलेलाच नाही. मी ही ठुशी ५५० ला लावली असती. ५५० का, तर उद्या एखाद्या बुटीकवालीने 'माझ्याकडे ठेव, तीस टक्के माझे' म्हटलं तर १६५ तिला जाऊन ३८५ उरतात, अजून ३५ सुटतात. बुटीकला देऊन तोटा होईल अशी किंमत सुरुवातीलाच लावली की पुढचा तो रस्ता बंद होतो. पोस्टेज वेगळं सांगा किंवा किमतीत धरा, पण शेवटच्या पायरीवर अचानक दाखवू नका.

"२५० लाच कोणी घेत नाही, ५५० ला कोण घेणार?" हे मनात आलं असेल. भुलेश्वरच्या घाऊक मालाशी तुम्ही किमतीत लढूच शकत नाही. तिथली मशीनच्या मण्यांची ठुशी तुमच्या सामानाच्या खर्चात मिळते. २५० ची ठुशी बघून बाईला वाटतं की तुम्हीही तिथूनच आणून विकताय. ५५० ला ती थांबून वाचते, आणि तेव्हा तुमच्या वर्णनाला काम मिळतं. किंमत फोटोखालीच लिहा. 'प्राइस इनबॉक्समध्ये' हा प्रकार बंद. किंमत विचारायला लागली की बऱ्याच जणींना उगाच भीड पडते, आणि बाकीच्यांना वाटतं की माणूस बघून भाव सांगतात.

ऑर्डरी कुठून येणार, हा तुमचा खरा प्रश्न. मामीकडून. चेष्टा नाही. मामीला फोन करा आणि विचारा, दोन वस्तू घेतल्यास त्या कुठे घातल्यास, आणि "कुठून घेतलीस?" असं कोणी विचारलं? विचारलेलं असतंच. मामीने "आमच्या भाचीने केलंय" एवढं सांगितलं असणार आणि विषय संपला असणार, कारण तिच्याकडे पुढे करायला काही नव्हतं. तिला पाच कार्डं द्या, नाव आणि व्हॉट्सॲप नंबर असलेली, आणि मंगळागौरीला घालायला एक नथ द्या. भेट म्हणून नाही, उधार. परत मागा. भेट दिलेली नथ कपाटात जाते. उधार दिलेली ती आठवणीने घालते आणि तिची गोष्टही सांगते.

दुसरी जागा म्हणजे ब्लाउज शिवणाऱ्या ताई. कुठल्या घरात कधी काय आहे, साडी कुठल्या रंगाची, बाई कितीपर्यंत खर्च करते, हे सगळं त्यांना माहीत असतं. माझ्या पहिल्या वीस ऑर्डरींतल्या अकरा एका शिवणवाल्या ताईंच्या दुकानातून आल्या. तिथे भिंतीवर चार नथी टाचलेला एक फळीचा तुकडा लावला होता, खाली नंबर. दर विक्रीमागे पन्नास रुपये त्यांचे. तिसऱ्या महिन्यात त्या स्वतःच फोटो पाठवून "या साडीवर काय जाईल?" विचारायला लागल्या. तसंच मेंदी काढणाऱ्या मुली, नऊवारी नेसवून देणाऱ्या, बाळांचे फोटो काढणारे. मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे गट तर एकदम बारा-पंधरा सारख्या नथी घेतात, कारण त्यांना सगळ्यांना एकसारखं दिसायचं असतं. तुमच्या शहरातले असे दोन-तीन गट शोधा आणि एक नमुना घेऊन तालमीला जा. "घालून नाचून बघा, पडली तर परत द्या" म्हणा. नाचताना न पडणारी चापाची नथ हीच त्यांची मोठी गरज आहे.

हे सगळं ऑनलाइन कुठे झालं, असं म्हणाल. पैसे आणि पत्ता ऑनलाइनच आला. माझ्या पाहण्यात पहिल्या दहा जणी अनोळखी माणसाच्या पानावर आपोआप उगवत नाहीत. कोणीतरी ओळखीचं 'मी घेतलंय, चांगलं आहे' म्हणतं, मग त्या पान उघडतात. पान उघडल्यावर त्यांना अभिप्राय दिसायला हवेत, म्हणून या पहिल्या दहा जणींकडून फोटो मागा. "कशी वाटली?" विचारलंत तर "छान" एवढंच येतं. "घातलेला एक फोटो पाठवाल? चेहरा नको, नाकापासून खाली चालेल" असं मागितलं की बऱ्याच जणी पाठवतात. पानावर लावायच्या आधी परवानगी घ्या.

व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, तो भरा, त्या बारा वस्तूंनीच. सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो टाकू नका. महिन्यातून एकदा, तारखेसकट: "मंगळागौरीसाठी नथी, अमुक तारखेपर्यंत सांगितलंत तर वेळेवर मिळतील." स्टॉलबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते. पुण्यात डिसेंबरमध्ये भीमथडी जत्रा असते, मुंबईत बचत गटांचं महालक्ष्मी सरस असतं, पण पहिल्या वर्षी तिथवर जाऊ नका. शाळेच्या किंवा सोसायटीच्या आनंदमेळ्यात टेबल मांडा. विक्री किती झाली ते बघू नका, बायका कुठली वस्तू उचलतात आणि कुठली उचलून खाली ठेवतात ते बघा. आरसा न्यायला विसरू नका. माझ्या पहिल्या स्टॉलवर आरसा नव्हता, बायका शेजारच्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणात बघत होत्या.

बूस्टचे साडेतीन हजार गेले ते गेले. ज्या वस्तूची दहा अनोळखी माणसांना आधी विक्री झालेली नाही तिच्या जाहिरातीवर मी पैसे घालत नाही. जाहिरात चालणारी वस्तू जास्त चालवते, न चालणारीला लाइक मिळवून देते.

पोचवण्याबद्दल माझी एक जुनी चूक सांगते. हलव्याचे दागिने म्हणजे साखरेच्या पाकाचे थर चढवून केलेले दाणे. त्यांना ओल अजिबात सोसत नाही. चौथ्या वर्षी मी रत्नागिरीला एका बाळाचा पूर्ण सेट पाठवला, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, बासरी. घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, वाटलं सुरक्षित राहील. कुरिअरने पार्सल सहा दिवस कुठेतरी ठेवलं, आणि पोचलं तेव्हा बोरन्हाण होऊन दोन दिवस झाले होते. पिशवीत मुकुटाचा गोळा झाला होता. त्या आजींनी मला फोटो पाठवला, खाली एक शब्दही नव्हता. मी त्याच दिवशी सगळे पैसे परत केले आणि विचारलं, रथसप्तमीपर्यंत पुन्हा करता येईल का बोरन्हाण, सेट माझ्याकडून. त्यांनी केलं. या वेळी प्रत्येक नग बटरपेपरमध्ये, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि सेट मी एसटीने निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती दिला. पुढच्या संक्रांतीला त्या आजींच्या ओळखीने चार सेट गेले. तेव्हापासून मी 'चार ते सात दिवसांत' असं लिहीत नाही. प्रसंगाची तारीख विचारते, आणि तिच्या सात दिवस आधी माल हातात पडेल अशा बेताने पाठवते. जमणार नसेल तर नाही म्हणते.

घरपोच रोख पैसे, सीओडी, सुरुवातीला ठेवू नका. दार उघडलंच नाही तर पार्सल परत येतं, जाण्याचा खर्च तुमचा, बऱ्याचदा येण्याचाही तुमचाच. कुरिअरवाले याला 'आरटीओ', म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं गाडीचं काहीतरी आहे. नवख्या दुकानावर विश्वास नाही म्हणून गिऱ्हाईक सीओडी मागतं, हे खरं आहे. त्यावर मी निम्मे आधी, निम्मे पॅक केलेल्या वस्तूचा व्हिडिओ बघून, असा तोडगा काढला. यूपीआयवर चालतो.

कराचं थोडक्यात. इमिटेशन दागिन्यांवर जीएसटी ३ टक्के आहे. मोठ्या बाजारपेठेच्या साइटवर विकायला पूर्वी नोंदणी लागायचीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना नोंदणीशिवाय आपल्याच राज्यात तिथे माल विकता येतो, फक्त जीएसटीच्या पोर्टलवरून नावनोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर पाठवायचं तर नियम वेगळे आहेत. हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलती आहेत, त्यात तुमची वस्तू बसते का हे बाहेरची पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी सीएला विचारा.

तुमची बहीण अमेरिकेत आहे आणि ती 'एट्सीवर टाक' म्हणते, म्हणजे हाताने केलेल्या वस्तू विकायच्या त्या परदेशी साइटवर, असं लिहिलंत. टाका, पण या वर्षी नको. तिथे एक वस्तू मांडायला २० सेंट लागतात, ती नोंद चार महिने टिकते, विक्री झाली की साडेसहा टक्के त्यांचे, आणि पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. प्रत्येक वस्तूला १३ टॅग, प्रत्येकी २० अक्षरांच्या आत, म्हणजे शोधाचे शब्द आधी कळलेले हवेत, आणि ते तुम्हाला इथे दहा-वीस विक्री झाल्यावर कळतील. शिवाय अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला जकात नसायची, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. त्यापेक्षा बहीण दिवाळीत येईल तेव्हा तिच्या बॅगेत पंचवीस नथी द्या आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला त्या घालू द्या, मांडू द्या. चार जणींनी नंबर घेतला तरी चालेल.

मुखवट्याच्या नथीची पहिली जोडी करताना मोती मोठे घेऊ नका, नथ ओठांवर लोंबते आणि देवीचा चेहरा झाकतो. पाच इंची मुखवट्याला मी तीन मिलिमीटरचे मोती वापरते. तार आधी मामीच्या घरच्या मुखवट्यावर लावून बघा, म्हणजे नाकाची उंची हाताला कळेल. त्यांच्याकडे उभ्या गौरी आहेत ना, ते मात्र आधी विचारून घ्या.